बिबट्याच्या बैठकीत डॉक्टर का नाही?

बिबट्या दिसला की पुढचा क्रम ठरलेला असतो. कोणीतरी मोबाइलवर चित्रण करतो, ते गावभर फिरते, जमाव जमतो, लोकप्रतिनिधी येतात आणि मागणी एकच होते, पिंजरा लावा. पिंजरा लागतो, त्यात कधी बिबट्या अडकतो, त्याला दूर जंगलात नेऊन सोडले की गाव निर्धास्त झोपते. ज्या घरातले मूल अंगणातून उचलले गेले आहे त्या घराने ही मागणी करू नये असे कोणीही म्हणणार नाही. मात्र या उपायाने गावाचा धोका खरोखर कमी होतो का, याचे उत्तर अभ्यास करूनच द्यावे लागते. एखाद्या औषधाने रुग्णाला बरे वाटल्याचा भास झाला म्हणून ते औषध गुणकारी ठरत नाही. त्याचा परिणाम मोजावा लागतो.

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर वनविभागात असे मोजमाप झाले. धरणांमुळे बागायत वाढली, उसाचे फड उभे राहिले आणि त्यात बिबट्याला लपायला, पिल्ले घालायला जागा मिळाली. २००१ च्या सुमारास तिथे बिबटे पकडून अन्यत्र सोडण्याची मोठी मोहीम सुरू झाली. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा हिशेब पुढे मांडला. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. मोहिमेनंतर, २००१ ते २००३ या काळात, ही सरासरी सतरावर गेली. बिबट्यांना सरासरी चाळीसेक किलोमीटर दूर नेले जात होते. हल्ले वाढलेच, शिवाय त्यात माणूस दगावण्याचे प्रमाणही वाढले.

असे का घडावे? पकडणे, बंद पिंजऱ्यातला प्रवास, माणसांचा गराडा या सगळ्याचा ताण जनावरावर येतो. त्याला अनोळखी मुलखात सोडले जाते. तिथले पाणी, भक्ष्य, लपण्याच्या जागा त्याला ठाऊक नसतात आणि आधीच तिथे राहणारे दुसरे बिबटे त्याला थारा देत नाहीत. ते आपल्या मूळ जागेकडे परतू पाहते आणि वाटेत गावे लागतात. इकडे मोकळ्या झालेल्या जागेत बहुधा दुसरा बिबट्या येऊन बसतो. म्हणजे एका गावाचा त्रास दुसऱ्या गावाच्या वाट्याला जातो आणि पहिल्या गावाचाही संपत नाही. संसर्ग झालेल्या रुग्णाला एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात हलवून साथ आटोक्यात येत नाही, तसाच हा प्रकार आहे.

मुंबईतही हा धडा महागात पडला. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. विहार आणि तुळशी हे तलाव त्याच्याच कुशीत आहेत आणि चहूबाजूंनी बोरिवली, मुलुंड, ठाणे, गोरेगावची वस्ती त्याला भिडलेली आहे. २००२ ते २००४ या काळात उद्यानाच्या कडेने हल्ल्यांची मालिका सुरू झाली. जून २००४ हा त्यातला सर्वांत वाईट महिना. त्या वर्षांत इतरत्र पकडलेले बिबटे या उद्यानात आणून सोडले जात होते, याकडे पुढे संशोधकांनी लक्ष वेधले.

२०११ मध्ये उद्यानाचे तत्कालीन संचालक सुनील लिमये यांच्या काळात ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू झाला. सूत्र साधे होते. आधी माहिती गोळा करायची आणि मग ती ज्यांना ज्यांना लागू होते त्या सगळ्यांना एका खोलीत बसवायचे. वनखाते, संशोधक, महापालिका, पोलीस, पत्रकार, गृहसंस्थांचे रहिवासी, विद्यार्थी आणि उद्यानातल्या पाड्यांवरचे आदिवासी असे सगळे त्यात आले. कॅमेरा ट्रॅपमधून बिबट्यांच्या अंगावरच्या ठिपक्यांची नोंद झाली. प्रत्येकाचे ठिपके वेगळे असतात, त्यामुळे ते आपल्या बोटांच्या ठशांसारखे ओळखीला उपयोगी पडतात. २०१५ च्या अभ्यासात उद्यान आणि परिसरात ३५ बिबट्यांची नोंद झाली. विष्ठेच्या तपासणीतून त्यांचे खाणेही कळले. हरणे, माकडे, रानडुकरे यांच्याबरोबर भटके कुत्रे हा त्यांच्या आहाराचा मोठा भाग होता, साधारण पाव वाटा.

या माहितीने चर्चेचा सूरच बदलला. ‘बिबटे जंगलातून बाहेर का येतात?’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘त्यांना वस्तीजवळ कोण बोलावते?’ हा प्रश्न पुढे आला. उघडा कचरा कुत्रे आणि डुकरे ओढतो आणि त्यांच्या मागे बिबट्या येतो. म्हणून कचरा वेळेवर उचलणे हे महापालिकेचे काम बिबट्याच्या व्यवस्थापनाचाही भाग ठरले. ज्या पाड्यावर शौचालय नाही तिथली बाई किंवा मूल अंधारात झुडपाआड बसते. बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा भासू शकतो. म्हणजे शौचालय, पायवाटेवरचा दिवा आणि संध्याकाळनंतर मुलांना एकटे न सोडणे हे पिंजऱ्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, रक्षण करणारे उपाय ठरतात. बिबट्या इमारतीत शिरला तर जमाव पांगवण्याची जबाबदारी पोलिसांची, कारण घाबरलेल्या जनावराला पळायला वाट मिळाली नाही की माणसे जखमी होतात. वृत्तपत्रांनीही ‘नरभक्षक’ हा शब्द सरसकट वापरू नये, यावर पत्रकारांशी चर्चा झाली.

पुढच्या काही वर्षांत हल्ले बरेच कमी झाले. त्याचे सगळे श्रेय एकाच उपायाला देणे शास्त्राला धरून होणार नाही, कारण अनेक गोष्टी एकाच वेळी बदलत होत्या. हे यश कायमचेही नव्हते. २०१७ मध्ये आणि नंतर २०२१ मध्ये आरे परिसरात पुन्हा हल्ले झाले आणि २०२२ च्या दिवाळीत तिथेच एका चिमुकल्या मुलीचा जीव गेला. सहजीवन ही एकदा साधून निकालात काढण्याची गोष्ट नाही. मधुमेहासारखी ती रोज सांभाळावी लागते आणि दुर्लक्ष झाले की आकडे पुन्हा वर चढतात.

याच उद्यानाने आरोग्यशास्त्राला एक विचार करायला लावणारा कागद दिला. २०१८ मध्ये ‘फ्रंटियर्स इन इकॉलॉजी अँड द एन्व्हायर्न्मेंट’ या नियतकालिकात एक अंदाज प्रसिद्ध झाला. उद्यानातले बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार कुत्रे खातात आणि त्यामुळे श्वानदंशाच्या साधारण हजारभर घटना टळत असाव्यात, असा त्याचा मथितार्थ होता. बातम्यांनी लगेच ‘बिबट्या मुंबईकरांना रेबीजपासून वाचवतो’ असे मथळे दिले. डॉक्टरांनी मात्र हा कागद सावधपणे वाचायला हवा. हा आकडा रुग्णालयांच्या नोंदी मोजून आलेला नाही. बिबट्यांची संख्या, त्यांचा आहार आणि कुत्र्यांच्या चावण्याचे प्रमाण यांवरून तो गणिताने काढलेला आहे. एखादे गृहीतक हलले की आकडाही हलतो. रेबीजपासून माणूस वाचतो तो जखम ताबडतोब साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुतल्याने, वेळेवर लस घेतल्याने आणि गंभीर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन मिळाल्याने. एकदा लक्षणे दिसू लागली की हा आजार जवळजवळ नेहमीच जीव घेतो. कुत्र्यांचे लसीकरण आणि निर्बीजीकरण हे काम पालिकेचेच राहते. ते बिबट्यावर सोपवता येत नाही.

तरीही त्या अंदाजाने एक दार उघडले. जंगलाच्या आरोग्याचा आणि रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातल्या रांगेचा संबंध असू शकतो, तर तो प्रत्यक्ष मोजून का पाहू नये? उद्यानाच्या भोवतालच्या दवाखान्यांत रोज श्वानदंशाची नोंद होते. कोणत्या वस्तीत, कोणत्या वेळी, पाळीव कुत्रा की भटका, हे सगळे कागदावर येऊ शकते. दुसरीकडे वनखात्याकडे बिबट्यांच्या वावराचे नकाशे आहेत. २०२१ पासून काही बिबट्यांना रेडिओ कॉलर लावून त्यांच्या हालचालीही अभ्यासल्या गेल्या. या दोन नोंदवह्या एकमेकींशेजारी ठेवल्या तर अंदाजाच्या जागी पुरावा येईल. त्या शेजारी ठेवण्याचा रिवाज मात्र आपल्याकडे नाही.

याची मुळे कायद्यातच सापडतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २००२ च्या दुरुस्तीने त्यात अभयारण्यांसाठी सल्लागार समितीची तरतूद आली. त्या समितीत कोण असावे हे कलम ३३ ब मध्ये लिहिले आहे. वनाधिकारी, स्थानिक आमदार, पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थांचे दोन, वन्यजीव संरक्षणात काम करणाऱ्या तीन व्यक्ती, मानद वन्यजीव रक्षक, तसेच गृह आणि पशुवैद्यक खात्यांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी. यादी चांगली आहे. पोलीस आहेत, गुरांचा डॉक्टर आहे. माणसांचा डॉक्टर नाही.

ही केवळ खुर्चीची तक्रार नाही. संरक्षित जंगलाच्या कडेने राहणाऱ्या माणसाचे बरेच आजार त्या जंगलाशी जोडलेले असतात. साप, विंचू, गोचीड, डास, हत्ती-अस्वलाचे हल्ले, पाण्याचे स्रोत हे सगळे त्यात येते. कर्नाटकातल्या बंडीपूर व्याघ्र प्रकल्पाचे उदाहरण बोलके आहे. २०१२ च्या अखेरीस तिथे माकडे मरून पडू लागली. मेलेली माकडे हाताळणाऱ्या आणि जाळणाऱ्या कामगारांना ताप आला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या तपासणीत तो क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजे आपल्याकडचा माकडताप, असल्याचे स्पष्ट झाले. हा विषाणू गोचिडीमार्फत पसरतो आणि माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी दुसरे शरीर शोधतात. माकडांचा मृत्यू ही साथीची पहिली घंटा असते. ती घंटा वनरक्षकाला ऐकू येते, आरोग्य केंद्राला नाही. उलट तापाचा पहिला रुग्ण आरोग्य केंद्रात दिसतो आणि त्याची खबर वनरक्षकाला नसते. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात माकडताप आला, तेव्हा काजूच्या बागांत आणि जंगलात जाणाऱ्या लोकांच्या जिवावर बेतले. मेलेल्या माकडाची बातमी त्याच दिवशी तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला कळणे ही तिथे जीवनमरणाची बाब ठरते.

म्हणून मागणी साधी आहे. कलमात दुरुस्ती होईल तेव्हा होईल, पण राज्याच्या वनविभागाने प्रत्येक अभयारण्याच्या आणि राष्ट्रीय उद्यानाच्या बैठकीला जिल्हा किंवा तालुका आरोग्य अधिकाऱ्याला कायम निमंत्रित म्हणून बोलवावे. त्यासाठी संसदेची वाट पाहण्याची गरज नाही. त्या अधिकाऱ्याने हात हलवत न जाता नोंदी घेऊन जावे. मागच्या तिमाहीत किती सर्पदंश, किती श्वानदंश, वन्यप्राण्यांच्या हल्ल्यात किती जखमी, कोणत्या पाड्यावर, दिवसाच्या कोणत्या प्रहरी, हे सांगावे. रुग्णाचे नाव सांगायचे कारण नाही. जागा आणि वेळ पुरते. जखमी माणूस घटनास्थळापासून रुग्णालयात पोहोचायला किती तास लागले, हा आकडा तर कोणत्याही समितीने आवर्जून पाहावा असा आहे.

दुसरी गोष्ट उपचारांची. वन्यप्राण्याने चावल्याच्या किंवा ओरबाडल्याच्या जखमेला रेबीजच्या दृष्टीने सर्वांत वरच्या, म्हणजे तिसऱ्या वर्गाची जखम मानायचे, असे राष्ट्रीय मार्गदर्शन आहे. बिबट्याच्या जखमा बहुधा मान, डोके आणि चेहऱ्यावर असतात आणि खोल असतात. लस, इम्युनोग्लोब्युलिन, धनुर्वाताची सुई, प्रतिजैविके आणि रक्तस्राव थांबवण्याचे प्रशिक्षण हे सगळे जंगलाला लागून असलेल्या आरोग्य केंद्रात असायलाच हवे. तिथून रुग्णाला फक्त पुढे पाठवण्याची सोय असून भागत नाही. ‘बिबट्यासह जगा’ असे एखाद्या गावाला सांगायचे असेल, तर जखम झाल्यावर जगवण्याची हमी आधी द्यावी लागते. ही हमी नसताना दिलेला सहजीवनाचा उपदेश शहरी माणसाच्या तोंडी शोभत नाही.

तिसरी गोष्ट संशोधनाच्या रीतीची. पुराव्यावर आधारलेला कारभार म्हणजे शास्त्रज्ञांनी सांगायचे आणि गावाने ऐकायचे, असा त्याचा अर्थ नव्हे. संजय गांधी उद्यानातल्या वारल्यांनी वाघोबाला पिढ्यानपिढ्या पूजले आहे. त्यांच्या वाघोबात वाघ आणि बिबट्या दोघेही येतात. बिबट्या कोणत्या वाटेने येतो, कोणत्या ऋतूत वस्तीजवळ दिसतो, हे त्यांना कॅमेऱ्याच्या आधीपासून माहीत आहे. ही माहिती संशोधनात मोलाची ठरते. पण त्याच पाड्यांवर अनेक वर्षे वीज, पाणी, शौचालय या साध्या सोयी अडल्या, कारण जागा संरक्षित. १९९७ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उद्यानातली अतिक्रमणे हटवताना मूळचा आदिवासी कोण आणि नंतर आलेला कोण, हा वाद आजही मिटलेला नाही. ज्याच्या डोक्यावर घर जाण्याची टांगती तलवार आहे, तो वनरक्षकाला खरी माहिती का देईल? रुग्णाचा विश्वास नसेल तर तो लक्षणे लपवतो. गावाचेही तेच.

कॅमेऱ्याबद्दलही हेच म्हणता येईल. उत्तराखंडच्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पातल्या एका अभ्यासाने २०२४ मध्ये दाखवून दिले, की वन्यप्राण्यांसाठी लावलेले कॅमेरे आणि ड्रोन सरपण आणायला जाणाऱ्या बायकांवर पाळत ठेवण्यासाठीही वापरले गेले. त्या बायकांनी जंगलात जोरात बोलणे, गाणे कमी केले. वास्तविक मोठ्याने बोलणे ही जनावरापासून बचावाची जुनी रीत. म्हणजे रक्षणाच्या साधनानेच त्यांचा धोका वाढवला. वैद्यकीय संशोधनात रुग्णाची संमती घेतल्याशिवाय रक्ताचा थेंबही घेता येत नाही. जंगलात कॅमेरा लावताना पाड्याला विचारणे, कोठे लावला ते सांगणे, माणसांची छायाचित्रे लगेच पुसणे आणि अभ्यासाचा निष्कर्ष ग्रामसभेत मराठीत किंवा त्यांच्या बोलीत वाचून दाखवणे ही तितकीच साधी शिस्त आहे. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचित क्षेत्रात किंवा वनहक्क कायदा लागू असलेल्या भागात अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा ग्रामसभेशी सल्लामसलत करूनच तयार करायला सांगितले आहे. सल्लामसलत म्हणजे तयार आराखड्यावर अंगठा घेणे नव्हे. आराखड्यामागची आकडेवारी आधी गावापुढे ठेवली तरच त्या शब्दाला अर्थ उरतो.

यावर जुन्नर, शिरूर, आंबेगावचा शेतकरी एक रास्त हरकत घेईल. मुंबईत जंगल आहे आणि त्याला कडा आहे. इथे घराच्या भिंतीला लागून ऊस आहे आणि बिबट्या त्याच उसात जन्मलेला आहे. अकोले तालुक्याच्या उसाच्या पट्ट्यात झालेल्या अभ्यासात, जिथे मोठे जंगलच नाही, तिथे दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. रात्रीची वीज मिळते म्हणून रात्रीच पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला ‘अंधारात बाहेर पडू नका’ हा सल्ला कसा पाळता येईल? ही हरकत खरी आहे आणि तिचे उत्तरही पुराव्यातूनच शोधायला हवे. शेतीला दिवसा वीज मिळाली तर हल्ले किती घटतात? बंदिस्त गोठ्याने किती जनावरे वाचतात आणि बिबट्याच्या फेऱ्या किती कमी होतात? ऊसतोडीच्या हंगामात मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर ठेवले तर किती मुले सुरक्षित राहतात? एखादा बिबट्या खरोखर माणसांवरच चालून येत असेल, तर त्याला ओळखून कायमचा बंदिस्त करण्याची तरतूद कायद्यात आहे आणि ती वेळेवर वापरली पाहिजे. कोणता बिबट्या हे ठरवायलाही ठिपक्यांच्या नोंदीच लागतात. नोंद नसेल तर हाती लागेल तो बिबट्या दोषी ठरतो, खरा हल्लेखोर मोकळा फिरतो आणि गावाला सुरक्षिततेची खोटी खात्री मिळते.

वीज महावितरणची, पाळणाघर साखर कारखान्याचे, गोठा पशुसंवर्धनाचा, शौचालय पंचायतीचे, पिंजरा वनखात्याचा आणि जखम आरोग्य खात्याची. बिबट्याला ही खाती ठाऊक नसतात. त्याच्या वाटेत येणाऱ्या माणसालाही त्यांच्याशी कर्तव्य नसते. त्याला रात्री पाणी देऊन सुखरूप घरी परत यायचे असते. संशोधनाचे काम या सगळ्या खात्यांना एकच नकाशा दाखवण्याचे आहे आणि कारभाराचे काम त्या नकाशाभोवती सगळ्यांना बसवण्याचे. पुढच्या वेळी एखाद्या तालुक्यात बिबट्यावरून बैठक बोलावली जाईल, तेव्हा तिथल्या ग्रामस्थांनी दोन प्रश्न जरूर विचारावेत. गेल्या वर्षभराच्या नोंदी कुठे आहेत? आणि आपल्या आरोग्य केंद्राचा डॉक्टर या बैठकीला आला आहे का?